पिवळा तेरडा

तारामावशी गेल्याचं त्यांची सून ज्योती सांगायला आली, तेव्हा मी खाली बागेत खुरपं घेऊन बसले होते. हात मातीचे तसेच राहिले... आणि मनात पहिलं काय यावं? मी त्यांच्याशी शेवटपर्यंत खोटं बोलले, हेच.

गव्हाण गावातली शेतजमीन गेल्यावर मावशी पनवेलला, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायला आल्या. पायाखाली माती नाही म्हणून त्यांना चैन पडेना. मग कंपाउंडच्या भिंतीलगतची पट्टी आम्ही दोघींनी लावली. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे तोरा माझा आणि अक्कल त्यांची. एखादं झाड मेलं की मी नर्सरीतून काहीतरी नाजूक, महागडं उचलून आणायची. त्या म्हणायच्या, “बाई, मोकळ्या जागेत लगेच कायमचं झाड नाय लावायचं. येक साल हंगामी फूल टाका. आपल्याला न इचारता जगंल असं.” झेंडू, गुलबक्षी, तेरडा, ही त्यांची ठरलेली निवड. तेरड्यावर विशेष जीव, कारण त्यांच्या घरची गौर तेरड्याची. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून मी चिडवलं, तर म्हणाल्या, “तीन तर तीन. जागा भरली ना?”

यंदा जास्वंद वाळली. त्या जागी मावशींनी ज्येष्ठात तेरड्याचं बी टाकलं आणि आठवड्याभरात अंथरुणाला खिळल्या. पुढे मी तण काढायला बसले आणि सगळी रोपं मुळासकट उपटून टाकली. जागा नीट पाहिली तेव्हा चूक कळली, पण कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती. विज्ञानाच्या बाई म्हणे!

त्यांची खिडकी रस्त्याच्या बाजूला, बाग दिसायची नाही. रोज विचारायच्या, “तेरडा किती वर आला?” मी सांगायची, घोट्याएवढा. मग गुडघ्याएवढा. खरं सांगायचा धीरच होईना. श्रावणात एकदा म्हणाल्या, “फुलला काय? रंग कंचा?” मी गडबडले आणि म्हणाले, “पिवळा.” मावशी माझा हात थोपटून म्हणाल्या, “बरा हाय. जपा त्याला.”

आठ दिवसांनी त्या गेल्या. त्या घरात यंदा गौर बसली नाही.

परवा ज्योती त्यांचा बियांचा डबा घेऊन आली. “तुम्ही ‘पिवळा’ सांगून गेलात ना, त्याच दिवशी आईंनी माझ्याकडून भरून घेतला. तेरडा पिवळा येतच नाय म्हणाल्या, आणि किती वेळ हसत होत्या.”

डबा माझ्या खिडकीत आहे. आत कागदाच्या पुड्या, वर ज्योतीच्या अक्षरात रंग: गुलाबी, पांढरा, जांभळा, लाल. तळाशी एक चपटी पुडी होती. उघडली तर रिकामी. तिच्यावर लिहिलंय, ‘पिवळा. बाईंचा.’