वार्निशचा एक हात

राहुरीहून शिंगणापूरकडे निघालं की उंबऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक पत्र्याचं दुकान आहे. त्यावर पाटी नाही आणि लागतही नाही. वार्निशचा वास आला की समजायचं, गहिनीनाथचं दुकान आलं. शेतावरच्या जळालेल्या मोटारी इथे येतात. त्यांची करपलेली तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार भरायची आणि मोटार पुन्हा विहिरीवर धाडायची, हा त्याचा तीस वर्षांचा उद्योग. मुळा नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या या पट्ट्यात त्याच्या हाताखालून न गेलेली मोटार शोधावीच लागेल.

माणूस मात्र महाहट्टी. तार भरून झाली की वार्निशचा एक हात द्यायचा, मोठ्या बल्बखाली दिवसभर सुकवायचं, मग दुसरा हात आणि पुन्हा बल्ब. तिकडे गिऱ्हाइकाचा ऊस वाळतोय, गिऱ्हाईक दारात येरझाऱ्या घालतंय आणि हा आपला निवांत तंबाखू मळतोय. शेवटी मोटारीच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, खिळ्यानं तारीख आणि पुढे ‘ग’ कोरायचा. मगच झाकण बसायचं. तपासणीचा दिवा लागलेला पाहून कुणी घायकुतीला येऊन म्हणालं, “मिस्तरी, दिवा तर लागला की, आता द्या,” तर उत्तर ठरलेलं. “दिवा लागला म्हंजी मोटार चालली, आसं आसतंय व्हय? दिवा दिव्याचं काम करतोय.”

त्याची बायको पुष्पावती गेली तेव्हा मुलगी संस्कृती चौथीत होती. घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून पोर शाळेतून थेट दुकानात यायची. तिची बोटं बारीक. बापाची जाड बोटं जिथे शिरत नसत तिथे ती तार बसवून द्यायची, आणि वेढे मोजताना पाढे म्हणावेत तसं मोठ्यानं म्हणायची. पुढे ती अशी काही शिकत गेली की बापाला तिच्या पुस्तकांची नावंसुद्धा वाचता येईनात. कपडे आत्यानं केले, फी शिष्यवृत्तीनं भरली, हॉस्टेल विद्यापीठानं दिलं. पोरीजवळ आपल्या हातची म्हणावी अशी एक वस्तू नाही, हे गहिनीनाथला फार सलायचं. बोलायचा नाही कधी. पण सलायचं.

मग तिला जर्मनीत प्रवेश मिळाला. पाण्याच्या नियोजनाचं काहीतरी मोठं शिक्षण होतं. निघायची तारीख ठरली, यादी झाली आणि यादीत शेवटी एकच गोष्ट अडून बसली. लॅपटॉप इथून न्यायचा की तिथे घ्यायचा? आधी गेलेल्या मुलामुलींचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यातले निम्मे म्हणत इथूनच आणा, निम्मे म्हणत चुकूनही आणू नका.

“तिथंच घेते आप्पा,” संस्कृती म्हणाली. “इथली वॉरंटी तिथं चालंल का न्हाई, सांगता येत न्हाई. पिनासुद्धा वेगळ्या आसत्यात. आन विद्यार्थ्यांना तिथं सूट मिळती.”

“आन बिघडला तर कुनाच्या हातात देशील? वळखीचं हाय कोन तिथं?”

“वळख कशाला लागती? दुकानं आसत्यात की.”

दोन दिवस हा वाद चालला. पोरीचं सगळं बरोबर होतं, आणि बापालाही ते कळत होतं. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता तो खाली बघून म्हणाला, “बाई, तुझ्या बॅगंत माझं कायतरी जाऊ दी.”

संस्कृती शुक्रवारी त्याच्याबरोबर श्रीरामपूरला गेली. दुसऱ्या दिवशी तिला वेळ जास्त होता, पण शनिवारी लोखंडाची वस्तू घरात आणायची नाही, हा याचा नेम. “लॅपटॉपात लोखंड कितीसं आसतंय आप्पा?” म्हणून ती हसली. “कितीबी आसू दी,” हा म्हणाला.

दुकान राधाकृष्णचं. त्याच्या मळ्यातली मोटार गहिनीनाथनंच भरलेली, त्यामुळे चहा आला, खुर्ची आली. संस्कृतीनं लॅपटॉप निवडला. गहिनीनाथनं तो हातात घेऊन उलटा केला, बोटानं टकटक वाजवून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. “ह्याचा वैरी कोन?”

“पाणी,” राधाकृष्ण म्हणाला. “दमट हवासुद्धा वाईट.”

ते वाक्य गहिनीनाथच्या डोक्यात घर करून बसलं. जर्मनीत बर्फ पडतं हे त्यानं टीव्हीवर पाहिलेलं होतं.

निघायला नऊ दिवस उरले होते. संस्कृती बँकेच्या कागदासाठी सकाळीच नगरला गेली, आणि गहिनीनाथ लॅपटॉप घेऊन दुकानात बसला. मनात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त आतून ‘ग’ कोरायचा होता. घड्याळाचे स्क्रू काढायचा बारीक पेचकस त्यानं कुणाकडून तरी मागून आणला होता. झाकण निघालं. आतल्या बाजूला कोपऱ्यात त्यानं तारीख कोरली, ‘ग’ कोरला. आणि झाकण लावायच्या आधी त्याची नजर आतल्या हिरव्या पाटीवर गेली. केसासारख्या बारीक तांब्याच्या रेघा, रुप्यासारखे टाके, आणि वार्निशचा कुठे पत्ताच नाही! एवढी महागाची वस्तू आणि कंपनीनं आत अशी कसर करावी, याचा त्याला राग आला. असंच उघडंनागडं पोरीच्या हातात देऊन बर्फात पाठवायचं?

त्यानं ठेवणीतलं वार्निश काढलं. खटक्यानं सुटणाऱ्या दोन पट्ट्या आत होत्या, त्यांना वार्निश लागू नये म्हणून त्या कागदात गुंडाळून तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. मग मऊ ब्रश घेतला आणि उभ्या जन्मात कुठल्या मोटारीला दिला नसेल इतका पातळ, इतका एकसारखा हात त्या पाटीवर दिला. बल्ब लावला. मध्येच दोन गिऱ्हाइकं आली, त्यांची मोटार उतरवून घेण्यात डबी फळीवर मागे सरकली आणि ध्यानातून गेली. चार तासांनी त्यानं झाकण लावलं.

संध्याकाळी संस्कृतीनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही.

“म्या वार्निशचा एक हात दिला, बाई,” गहिनीनाथ लगेच म्हणाला. लपवाछपवी त्याच्या स्वभावातच नव्हती. “तिकडं बर्फ आसतंय.”

पोर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप नाकाशी नेऊन वास घेतला. मग हळूच म्हणाली, “किती सुकवला?”

“चार तास.”

“मोठ्या बल्बखाली?”

“व्हय.”

तिनं लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी एकटीच श्रीरामपूरला गेली आणि दिवस मावळताना परत आली ती हसतच. “झालं आप्पा. राधाकृष्णभाऊंनी साफ करून दिला.” तिनं लॅपटॉपची वायर भिंतीतल्या बोर्डात घातली. वायरीच्या मधल्या काळ्या चार्जरवरचा हिरवा दिवा लागला. “बघा.”

गहिनीनाथनं दिवा पाहिला आणि त्याच्या जिवात जीव आला. तीस वर्षं लोकांना दिव्यावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगणारा माणूस त्या दिवशी हरभऱ्याएवढ्या दिव्यावर विसंबला. उघडून दाखव, असं म्हणायची त्याची छातीच झाली नाही. आपला हात लागला तर पुन्हा काही होईल, ही धास्ती.

बॅगा दुकानातल्या ताणकाट्याला टांगून वजन केलं, तर हातातली बॅग जास्त भरली. मोठ्या बॅगेत तसूभर जागा नव्हती. संस्कृतीनं हातातल्या बॅगेतून आत्यानं दिलेला छोटा कुकर काढून ठेवला. “तिथं मिळतो कुकर,” म्हणाली. गहिनीनाथला मनातून बरंच वाटलं. कुकर राहिला तर राहू दे, लॅपटॉप तर चाललाय.

दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. पडद्यावर तोंड दिसायचं. हा आधी जेवणाचं विचारायचा आणि मग ते. “चालतोय ना?”

“लई भारी चालतोय आप्पा.”

“तापत न्हाई ना?”

“न्हाई. गार आसतो एकदम.”

एकदा म्हणाली, पहाटे एका बेकरीत कामाला जाते, हौस म्हणून. हा म्हणाला, झेपतंय तेवढंच कर. आणि दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवू लागला, “पोरीचा लॅपटॉप जर्मनीत बर्फात चालतोय. का? तर वार्निशचा हात हाय.” लोक माना डोलवायचे. कंटाळायचेसुद्धा, पण तोंडावर कोण बोलणार?

जानेवारीत फळी झाडताना डबी सापडली. तंबाखू असेल म्हणून त्यानं उघडली. आत कागदाची पुडी, आणि पुडीत दोन पट्ट्या. त्या हातात घेऊन तो जागीच उभा राहिला. आतली वस्तू बाहेर राहिली तर यंत्र चालत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी मनाची समजूत घालून पाहिली, की नव्या पट्ट्या घातल्या असतील. मग राधाकृष्णला फोन लावला.

राधाकृष्ण फोन घेऊन दुकानाबाहेर आला. “मिस्तरी, पोरीनं शपथ घातली होती. पण आता विचारताय म्हणून सांगतो. तो लॅपटॉप त्याच दिवशी मेला होता. वार्निश सगळीकडं उतरलं होतं. मी म्हणलं, इथंच ठेव, पडदा तरी कुणाच्या कामी येईल. तिनं आत पाहिलं, कोपऱ्यात तुमचा ‘ग’ दिसला. त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली. म्हणाली, हे घेऊन जाते, आप्पांना बोलू नका.”

गहिनीनाथनं फोन ठेवला आणि तो खाली, तांब्याच्या भंगारावरच बसला. आता एकेक उलगडत गेलं. त्या दिवशी लागलेला दिवा नुसत्या चार्जरचा होता. मेलेल्या लॅपटॉपपायी कुकर राहिला, हे कळलं. पहाटेची बेकरी कसली हौस होती, तेही कळलं. पोरीनं तिथे जाऊन दुसरा लॅपटॉप घेतला, आणि बापानं स्वतःच्या हातानं मारलेला हा विमानातून नेऊन खोलीत ठेवला. आपण द्यायला गेलो आणि पोरीवरच ओझं घातलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि पोरीची फार माया आली. त्या दिवशी आलेल्या मोटारीला त्यानं हात लावला नाही.

रविवारपर्यंत त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, की सगळं बोलून टाकायचं. माफी मागायची. दुपारी फोन वाजला. पडद्यावर संस्कृती, मागे खिडकी, खिडकीत पांढरंफटक. पोर वाळली होती. डबी त्याच्या मुठीत होती.

यानं काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “आप्पा, लॅपटॉप मस्त चालतोय बरं का. इथं एवढी थंडी, पन त्याला काय झालं न्हाई.”

गहिनीनाथच्या ओठांवर आलेलं सगळं तिथेच थांबलं. हे खोटं पोरीनं चार महिने जिवापाड सांभाळलं होतं. ते तिच्या हातातून काढून घेतलं, तर तिच्याजवळ बापाचं म्हणून काय उरलं असतं?

“तापत न्हाई ना?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“बरं.” तो थांबला. “येशील तव्हा संगं घेऊन ये त्यो.”

“कशाला? चालतोय की चांगला.”

“चालतोय तर चालतोय. दुसरा हात द्यायचा राह्यलाय.”

संस्कृतीची नजर त्याच्या मुठीकडे गेली की आणखी कुठे, कोण जाणे. तिचे डोळे भरून आले आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडे बघतच म्हणाली, “आनते, आप्पा.”

फोन बंद झाल्यावर त्यानं पट्ट्या पुन्हा कागदात गुंडाळल्या, डबीत ठेवल्या, झाकण दाबून बसवलं. मग खिळा घेऊन झाकणावर तारीख कोरली. पुढचं अक्षर कोरायचं मात्र राहूनच गेलं, कारण त्याला डोळ्यांपुढचं काही दिसेना.