तात्यांचं मत

माझे थोरले चुलते, तात्या, ओझरला राहतात. मागच्या निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या चष्म्याची काडी तुटली, म्हणून मी त्यांना मोटारसायकलवर जुन्नरला नेलं. बाजारात चहा पीत होतो, तेवढ्यात माईक घेतलेला एक तरुण आला. तो मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवायचा.

"बाबा, यंदा कोण?"

तात्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. पण तसं सांगितलं असतं तर तो आणखी विचारत बसला असता, आणि चहा निवत होता. समोर एका उमेदवाराचा फ्लेक्स होता. तात्यांनी तिकडं बोट केलं.

"ह्योच की. साधा माणूस हाय. कामाचा हाय."

त्या माणसाला ते आयुष्यात भेटले नव्हते.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. दुसऱ्या दिवशी त्या उमेदवाराचे कार्यकर्ते आले, तात्यांच्या गळ्यात पक्षाचं उपरणं घालून फोटो काढून गेले. शेजारचे भावकीतले एक जण रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायचे. ते दुसऱ्या बाजूचे. त्यांनी येणं बंद केलं.

"आरं, मी नुस्ता चहा पीत व्हतो," तात्यांनी त्यांना रस्त्यात गाठून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

मग तात्या माझ्या मोबाईलवर तो व्हिडिओ बघू लागले. आधी चष्म्याविना आपलं तोंड कसं दिसतं ते बघायचे. पुढं पुढं ऐकू लागले. एकदा म्हणाले, "बोललोय बराबर पण. माणूस साधाच वाटतोय."

"तात्या, तुम्ही ओळखता त्याला?"

"न्हाई. पण मी कशाला खोटं बोलंन?"

मतदानाच्या दिवशी त्यांनी इस्त्रीची टोपी घातली आणि त्याच माणसाला मत दिलं. परत येताना काकूंना विचारलं, "तू कुणाला दिलं?"

"तुमाला न्हाई सांगायची," काकू म्हणाल्या. "तुमी माईकवर सांगाल."

तो माणूस पडला. निकाल लागला तेव्हा तात्या टीव्हीसमोर बसून होते. जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत. न भेटलेल्या माणसासाठी त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भावकीतले ते पेढे घेऊन ओट्यावर आले. तात्यांनी एक पेढा घेतला, सरकून जागा केली आणि काकूंना चहा ठेवायला सांगितलं.