वेस्ट व्हर्जिनियाचा पाऊण तास

जहूर मुकादम हा कतारमध्ये दोहा इथल्या एका गॅस प्रकल्पावरचा टपालाचा कारकून. त्याला ऑफिसात कोणी खिजगणतीत धरत नसे. पण २००० सालच्या नोव्हेंबरात या रत्नागिरीच्या पठ्ठ्यानं असं काही म्हणून टाकलं, की सगळ्यांना हसू आवरेना.

प्लॅनिंगच्या संजीव साहेबांनी भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावला होता. कुठलं राज्य कोणाकडे जाणार, ते ज्यानं त्यानं आपल्या नावानिशी लिहायचं. पैशांची पैज नाही, नुसती इभ्रत. वेस्ट व्हर्जिनिया डेमोक्रॅट राखणार म्हणणारे अकरा. रिपब्लिकन नेणार म्हणणारा एकटा जहूर.

"अहो, कोळसा खाणींचं राज्य ते. युनियनवाल्यांचं," पुणेकर संजीव म्हणाले. "जहूरभाई, जरा मासिकं वाचत चला."

"फिरणार साहेब. लिहून ठेवा."

मासिकांत नव्हतं ते जहूरच्या टेबलावर दिसलं होतं. प्रकल्पावरच्या अमेरिकनांच्या टपाली मतांचे लिफाफे त्याच्याच हातून जात. चार वर्षांपूर्वी वेस्ट व्हर्जिनियाच्या फोरमन ड्वेननं, खाणकामगाराच्या मुलानं, उभ्या उभ्या लिफाफा चिकटवून दिला होता. त्यांच्याकडे एका खुणेत सगळी मतं एकाच पक्षाला देता येतात. यंदा तोच ड्वेन मतपत्रिकेवरचं एकेक नाव वाचत समोर पाऊण तास बसला. त्याच्या गावचे दोन वेल्डरही तसेच बसले. गावातल्या खाणी बंद पडत होत्या, आणि डेमोक्रॅट पक्षानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं असं तिघंही म्हणत. मत कोणाला दिलं ते जहूरनं पाहिलं नाही, पण ओळखलं. त्याचे अब्बा तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत, लाल बावट्याचे. संप फसला, गिरणीला टाळं लागलं, आणि पुढच्या निवडणुकीत अब्बा मतदान केंद्रात गेले ते लवकर बाहेरच येईनात.

निकालाच्या सकाळी कँटीनमध्ये सगळे फ्लोरिडासाठी जीव मुठीत धरून बसलेले. जहूरला फ्लोरिडाशी काय देणंघेणं! चुकलो तर कंत्राट संपेपर्यंत टिंगल होणार, या धास्तीनं त्याचा चहा तसाच राहिला. सात वाजायच्या आत टीव्हीवर जाहीर झालं: वेस्ट व्हर्जिनिया रिपब्लिकनांकडे.

जहूर नाचायचाच काय तो बाकी राहिला. संजीव साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा. आता फ्लोरिडाचं सांगा."

"फ्लोरिडाचं कोणी माझ्या टेबलापाशी बसलं नाही, साहेब."

मोठा हशा पिकला. ड्वेन तेवढा कोपऱ्यात बसून राहिला, त्याचीच बाजू जिंकली असूनही. जहूर त्याला ओढायला गेला.

"घरी म्हातारा मोजणी बघत जागा असेल," ड्वेन म्हणाला. "जन्मभर एकाच पक्षाचा माणूस. मी काय केलं ते त्याला कसं सांगू?"

"आमचे अब्बा गेले," जहूर म्हणाला. " त्यांनी त्या दिवशी काय केलं, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. यल्ला, चल, तू सांगून टाक."

त्यानं हाताला धरून ड्वेनला ऑफिसातल्या फोनपाशी नेलं आणि नंबर लावून दिला. ड्वेन दोनच वाक्यं बोलला आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. शेवटी रिसीव्हरवर हात ठेवून तो जहूरकडे वळला.

"म्हातारा म्हणतोय, मीही तेच केलं. महिनाभर मनात होतं, पण तुला सांगायला घाबरत होतो."