पाणघोड्याचे पाय

आमच्या वॉटर पार्कात सगळ्यात जास्त फोटो पुनारामचे निघतात आणि त्यातल्या एकातही पुनाराम दिसत नाही. तो पाणघोडा आहे. म्हणजे निळ्या फोमचा, पोट सुटलेला, दात काढून हसणारा एक पाणघोडा आहे आणि पुनाराम त्याच्या आत असतो. बालाघाटहून येताना रस्त्यावर जो मोठा बोर्ड लागतो, त्यावर घसरगुंड्यांच्या शेजारी त्याचेच चित्र आहे. लोक दिवसभर लाटांच्या तलावात डुंबतात आणि निघताना पोरांना त्याच्या पोटाला टेकवून उभे करतात.

मी पुष्पलता, कपड्यांच्या काउंटरवर बसते. पाण्यात उतरायचे नायलॉनचे कपडे भाड्याने देणे, ओले परत घेणे आणि घेताना लोकांची बोलणी खाणे हे माझे काम. पुनारामच्या पाठीची चेन लावायचेही माझ्याकडेच. चेन बाहेरून आहे, वर हूक आहे आणि पाणघोड्याचे आखूड हात पाठीपर्यंत पोचत नाहीत. एकदा लावली की मी उघडेपर्यंत माणूस आत. आमचा मॅनेजर अश्विन हा मालकाचा मुलगा. त्याने दोन नियम केलेत: गेस्टसमोर बोलायचे नाही आणि गेस्टसमोर मुंडके काढायचे नाही. बाहेर मे महिना आणि आत फोम. त्या अश्विनला एक दिवस आत घालून चेन लावावी असे मला फार वाटते.

पुनाराम भरवेलीचा. बाप मँगनीजच्या खाणीत होता, हा मात्र दंडारीत रमला. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे दंडारीचा नाच आणि सोंगे असतात. पुनारामचे दारुड्याचे सोंग बघायला लोक लामत्यापासून किरनापूरपर्यंत कुठेही जायचे. दारुड्याचा प्रत्येक पाय तालाच्या जरासा मागे पडायचा, पडता पडता दुसरा त्याला सावरायचा आणि माणसे पोट धरून हसायची. प्रत्यक्षात दारूला त्याने कधी हात लावला नाही. पण मुलगी समीक्षा शिकायला बालाघाटात आली तेव्हा मैत्रिणी तिला ‘दारुड्याची पोरगी’ म्हणून चिडवू लागल्या. ती घरी येऊन रडली आणि याने घुंगरू पेटीत टाकले ते कायमचे. मला त्या पोरीचा राग येतो. तो तिला दाखवताही येत नाही, कारण पोर वाईट नाही.

यंदा तिला तुमसरचे स्थळ आले. मुलगा विवेक, शाळेत मास्तर, तिला मनापासून आवडलेला. तिने त्यांना सांगून टाकले की बाबा वॉटर पार्कात सुपरवायझर आहेत. बापाला म्हणाली, “बाबा, लग्न होईपर्यंत तरी कोणाले सांगू नका. नाचाचं तं नावच काढू नका.” हा म्हणाला, हौ. लेकीपुढे त्याला दुसरा शब्दच येत नाही.

पक्के व्हायच्या आधीच, एका रविवारी, तुमसरची मंडळी गाडी भरून पार्कात हजर. मी विवेकला फोटोवरून ओळखले. सोबत काका, मामा, पोरेटोरे आणि त्याची आजी जिजाबाई. सगळ्या घरात शब्द तिचाच चालतो, हे मला पुनारामकडूनच कळले होते. विवेक थेट माझ्याकडे आला.

“सुपरवायझर पुनारामजी आहेत का?”

“गोंदियाले गेले,” मी म्हटले. “मोटरचं सामान आणाले.”

तेव्हा सुपरवायझर माझ्यापासून हातभर अंतरावर विवेकच्याच भाच्याला कडेवर घेऊन फोटो देत होता.

खरी पंचाईत पुढेच होती. काउंटरमागे सामानाची खोली आहे, तिथेच मी अधूनमधून पुनारामची चेन उघडते, तिथे तो पाणी पितो. मंडळींनी सावली बघून बाकडे ओढले ते नेमके त्या खोलीच्या दाराला लावले. त्यावर जिजाबाई बसली, डबे उघडले. पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत तिचीच पोरे आत-बाहेर करत होती. पाणघोडा कुठे जाणार? तो काउंटरला टेकला आणि मुंडक्याच्या तोंडातल्या जाळीतून हळूच म्हणाला, “बाई, कासावीस होऊन राह्यलं.”

“थांबा थोडं. उठतीलच.”

ते उठले नाहीत. डबे संपले, सुपारी निघाली. पाणघोडा काउंटर धरून उभा होता. मी पाण्याची बाटली घेऊन उठणार, तेवढ्यात अश्विन आला. “पुनारा—” एवढेच त्याच्या तोंडून निघाले, मी जोरात खोकले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “हिप्पो, डान्स! गेस्ट बैठे हैं.” आणि भोंग्याचा आवाज वाढवला.

आता हा नाचणार कसा? चांगला नाचला तर या भागातल्या कुणाही जुन्या माणसाने पाय ओळखले असते. जिजाबाईचे माहेर तर किरनापूरचे. म्हणून त्याने ठरवले की वाईट नाचायचे. पण वाईट नाचायची त्याला एकच तऱ्हा येत होती. पाय जरासा मागे पडला, तोल गेला, दुसऱ्या पायाने सावरले. मी कपाळाला हात लावला. पार्कातली पोरे खिदळली, काका-मामा हसले आणि जिजाबाई तर मांडीवर थाप मारून हसली. मग तिचे हसू एकदम थांबले. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली. गाणे संपेपर्यंत तिने नजर हलवली नाही.

गाणे संपले तसा पाणघोडा मटकन खाली बसला. लोकांना तोही नाचाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. जिजाबाई मात्र उठली, आपली बाटली घेऊन त्याच्यासमोर उकिडवी बसली. जाळीचा एक कोपरा उसवलेला आहे. तिथे बाटलीचे तोंड लावून ती म्हणाली, “पी रे बाबा. गर्मी लय हाये.” आतून घटघट आवाज आला. मग ती उठली आणि सगळ्यांना म्हणाली, “चला आता. बाकडं सोडा.”

लग्न ठरले. आजीनेच होकार दिला, असे समीक्षा आनंदाने सांगत होती. ओळखले की नाही, हे मात्र पुनारामला समजेना. दिवसातून दहादा मला विचारायचा.

लग्न भरवेलीच्या समाजभवनात झाले. बुद्धवंदना झाली, जेवणे झाली, अंगणात बँड सुरू झाला. विवेकचे मामा नाचता नाचता पुनारामचा हात ओढू लागले, “या ना व्याही!” नवरीच्या वेशातली समीक्षा घाईने मध्ये आली.

“बाबांले नाचता येत नाही.”

“हौ,” पुनाराम म्हणाला. “मले नाही येत.”

आठ-दहा गावे ज्याच्या नाचावर लोटायची तो माणूस लेकीच्या लग्नात हात जोडून उभा होता. नव्या बुटांची टोके मात्र तालावर हलत होती. ती मी पाहिली आणि जिजाबाईनेही पाहिली. मामा काही हात सोडेनात. तेव्हा ती पुढे आली.

“सोडा त्याइले. खरंच येत नाही. मी पाह्यलं हाये.”

आणि आपल्या हातातला पाण्याचा पेला तिने त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, खाली मान घालून सगळा प्यायला. मला रडू आवरेना. लोकांना वाटले, पोरगी सासरी चालली म्हणून.

सुटी संपवून तो कामावर आला. पाणघोड्यात शिरला आणि पाठ माझ्याकडे केली.

“ओळखलं होतं म्हातारीनं, बाई,” आतून म्हणाला. “पाणी दोनदा पाजलं. चेन नाही उघडली.”

बाहेर लोक यायला लागले होते. मी चेन वर ओढली आणि हूक अडकवला.