फुगीर बाजू वर

मोटारीच्या मागे पंख लावला की ती उडत नाही, उलट जमिनीला चिकटते, असं मी वाचनालयात वाचलं होतं. आकृतीचं पान मात्र कुणीतरी फाडून नेलं होतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस झाला नव्हता. नव्या कचेरीतल्या एका साहेबांना भाड्याची मोटार हवी होती, आणि माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, एक जुनी मोटार होती. वेग घेतला की तिचं मागचं अंग डुलायचं. हे काम मिळालं नाही तर दादा ती विकून पुण्याला ट्रकवर जाणार होता. 'जाऊ नको' म्हणणं मला जमलं नाही. (म्हणून पंख करून दिला!)

"मास्तर, ह्ये काय हाय?" दादानं वाकवलेल्या पत्र्याकडे बघत विचारलं. मी पुस्तकं वाचतो म्हणून तो मला मास्तर म्हणे.

"पंख. वारा याला खाली दाबतो."

"मग फुगीर बाजू वर कशाला?"

"विमानाला वरच असते!"

"पण इमान उडतंय की रं!"

मी ऐकलं नाही. डिकीची कडी मोडकी, म्हणून झाकण सुतळीनं बांधलेलं. त्यावरच पंख ठोकला.

साहेबांनी मुरुडपर्यंत चाचणी घेतली. जाताना खड्ड्यांतून हळू गेलो, पंख गप्प राहिला. मुरुडला साहेबांनी ओळखीच्या विहिरीवरून दोन घागरी भरून डिकीत ठेवल्या. (त्या उन्हाळ्यात रिकामी घागर घेतल्याशिवाय कुणी गावाबाहेर पडत नसे.) येताना सरळ रस्ता लागला. मागच्या सीटवरून मी म्हणालो, "दादा, आता पळव!"

दादानं पळवली. पंख उचलला गेला, सुतळी तुटली, झाकण आभाळाकडे! पुढच्याच खड्ड्यात मागे घणघणाट झाला.

"अहो, माझं पाणी!" साहेब किंचाळले.

आम्ही उतरेपर्यंत रस्ता ते पिऊन मोकळा झाला होता. साहेबांनी रिकाम्या घागरी उचलल्या आणि समोरून येणाऱ्या, परत मुरुडला जाणाऱ्या एसटीला हात केला.

दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. "मास्तर, लई दाबलं की रं वाऱ्यानं!"

महिन्याभरात तो पुण्याला गेला. दर पत्राच्या शेवटी लिहायचा, 'पंख भंगारात घालू नको.' यंदा श्रावणात तो वारला.

पंख गच्चीवर आहे. खोलगट बाजू वर करून मी त्यात चिमण्यांसाठी पाणी ठेवतो. परवा एका पुस्तकात ती आकृती सापडली. मोटारीला पंख अगदी असाच लावतात, खोलगट बाजू वर.

म्हणजे चाळीस वर्षांनी का होईना, मी तो बरोबर बसवला. घर आता जराही डुलत नाही!