कॅरॅव्हॅनमधली भट्टी

माझ्या नवऱ्याचा साहेब कतारी आहे. ऑफिसात सगळे त्याला मुदीर म्हणतात, म्हणून आमच्या घरातही तो मुदीरच. दर हिवाळ्यात तो झेकरीत गावाच्या बाजूला, समुद्रापासून जरा आत वाळवंटात, आपला तंबू ठोकतो आणि शेजारी एक लांबलचक कॅरॅव्हॅन उभी करतो. उन्हाळा सुरू होईपर्यंत त्याचे बहुतेक शुक्रवार तिथेच जातात. त्यातल्या एका शुक्रवारी तो ऑफिसातल्या सगळ्यांना बायकामुलांसकट जेवायला बोलावतो.

त्या वर्षी कॅरॅव्हॅनमधला ओव्हन बंद पडला होता. नवरा इलेक्ट्रिकल इंजिनियर, त्यामुळे मुदीरने काम त्याच्यावर सोपवलं. "नवा बसव. गॅसचा घ्यायचा की विजेचा, तूच ठरव."

दारात बूट काढता काढता त्याने मला हे सांगितलं. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "गॅसचा!"

"तुला कुणी विचारलंय?"

"मग मला सांगतोयस कशाला?"

या प्रश्नात मला एवढा रस का, हे त्याला ठाऊक होतं. कऱ्हाडला माझ्या वडिलांची बेकरी होती. शाळेतून आल्यावर मी गल्ल्यावर बसायचे, खारी पुड्यांत भरायचे, टोस्टचे डबे पुसायचे. भट्टीपाशी मात्र मला कधी जाऊ दिलं नाही. ते काम पोरींचं नाही, असं बाबांचं ठाम मत होतं आणि त्यावर घरात चर्चा होत नसे. मी कॉमर्स केलं, अकाउंटंट झाले, लग्न करून दोह्याला आले. बाबा थकले तशी बेकरी बंद झाली, आणि लादीपाव करायचा राहूनच गेला.

तसा प्रयत्न मी केला होता. अल मुंतझामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये आतून पंखा फिरणारा विजेचा ओव्हन आहे. त्यात नानकटाई अशी होते की शेजारीपाजारी मागून नेतात. पाव मात्र कधी मनासारखा झाला नाही. त्या गरम वाऱ्याने पीठ फुगायच्या आतच वरची साल वाळायची आणि पाव चिडल्यासारखा आकसून बसायचा. दोष ओव्हनचा की माझा, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. "विजेच्या ओव्हनमध्ये धग सगळीकडे सारखी लागते. कॅरॅव्हॅनच्या गॅस ओव्हनला जाळ फक्त खालून. बूड करपणार, वर पांढरं राहणार. शिवाय एवढ्याशा जागेत उघडा जाळ कशाला?"

"आणि तिथे वीज कुठून येणार?"

"जनरेटर आहे ना."

"त्यावर फ्रिज आहे, दिवे आहेत, पाण्याचा पंप आहे. आता ओव्हनही?"

तो मनातल्या मनात हिशेब करत छताकडे बघत बसला. मग म्हणाला, "झेपेल. बहुतेक."

इंजिनियर माणूस "बहुतेक" म्हणाला की मी ते धरून ठेवते. "चल, करूनच बघू," मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी आमचा घरचा ओव्हन गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा बांधून, आम्ही दुखान रोडने निघालो. मुदीर तंबूबाहेर गालिच्यावर पाय पसरून बसला होता. ओव्हन उचलून आणणाऱ्या आम्हा दोघांना बघून तो मनापासून हसला. नवऱ्याने वायर जोडली, मी नानकटाईचा ट्रे आत ढकलला. जनरेटरचा आवाज एकदम चढला. दिवे मिणमिणले. आम्ही वाट बघत राहिलो. नानकटाई घरी लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊनही फिकटच होती. तेवढ्यात मुदीरच्या भावाने चहासाठी विजेची किटली लावली आणि सगळंच बंद पडलं. दिवे गेले, पंप गेला, जनरेटरही थांबला.

त्या क्षणी पसरलेली शांतता मला अजून आठवते. नुसता वारा आणि लांबवरून समुद्राचा आवाज.

"जनरेटर मोठा घेतला तर..." नवऱ्याने सुरुवात केली.

मुदीरने हात वर केला. "नको. मी इथे हे ऐकायला येतो," तो म्हणाला आणि वाऱ्याकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळला. "सिस्टर, तुझं काय मत?"

"गॅसचा."

"खलास, ठरलं. गॅसचा. आणि आपल्या जेवणाच्या शुक्रवारी त्यात पहिली भाकरी तू भाजायची."

त्याला भाकरी म्हणजे खुब्झ, त्यांची अरबी रोटी, म्हणायचं होतं. मी म्हटलं, "भाजते. आमच्याकडचा पाव भाजते." म्हणून तर गेले, पण परतीच्या वाटेवर आठवलं, माझा पाव आजवर एकदाही जमलेला नाही.

ओव्हन बसला. सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात गेला, आत गॅसची गळती सांगणारी पेटी लागली. नवऱ्याने सांधे साबणाच्या पाण्याने स्वतः तपासले. हरला असला तरी काम त्याने चोख केलं. नेमके त्याच आठवड्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. आईनंतर त्यांची ही पहिलीच दोहा वारी. मी त्यांना कॅरॅव्हॅन दाखवायला नेलं. ओव्हनचं दार उघडून, कमरेत वाकून, त्यांनी आत निरखून पाहिलं.

"ही पेटी?" ते म्हणाले. "यात पाव होत नाही गं. पावाला चहूबाजूंनी धग लागते. दुकानातून घेऊन ये आणि गरम करून वाढ. कोण विचारतंय?"

"मी सांगितलंय, मी भाजणार म्हणून."

"मग भाज बाई."

भाजला. पीठ घरूनच मळून नेलं होतं. नवरा म्हणाला होता तसंच झालं. बूड काळंकुट्ट, वरचा भाग पिठूळ पांढरा. नवऱ्याने टोमणा मारण्याऐवजी ट्रे घासायला घेतला, त्याबद्दल मी त्याची कायम ऋणी आहे. बाबांनी एक पाव घेतला, सुरीने करपलेलं खरवडलं आणि चहात बुडवून गुपचूप खाल्ला. त्यांनी नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी संध्याकाळी भाकऱ्या थापत होते. चांगल्या खरपूस भाकरीसाठी मी मातीचा तवा वापरते. तो हळू तापतो, पण एकदा तापला की आच सगळीकडे सारखी देतो. भाकरी उलटताना एकदम लक्षात आलं की ओव्हनमध्ये जाळ सरळ ट्रेच्या पत्र्यावर आदळतोय. मध्ये काहीतरी जाड हवं. बाबांच्या भट्टीला तरी खाली काय होतं? विटांची फरशी. जाळ विझवल्यावरच पाव आत जायचे. म्हणजे पाव भाजायच्या त्या विटा!

मी पिठाच्या हातांनीच बाहेर गेले आणि बाबांना विचारलं, "विटांच्या जागी मातीचा तवा चालेल?"

बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज बंद केला. मग म्हणाले, "मी असं कधी केलं नाही."

त्यांच्या तोंडून नकार आला नाही, एवढं मला पुरे होतं.

जेवणाच्या शुक्रवारी कडाक्याचा गार वारा सुटला होता. नवऱ्याने मिसळीचा कट घरूनच आणला होता, तो तंबूमागे शेगडीवर चढवला. माझं पीठ मात्र थंडीने गारठून पडलं होतं, फुगायचं नाव नाही. मी ट्रे उचलला आणि गाडीत डॅशबोर्डवर ठेवला. काचा बंद, समोरून ऊन. गाडीच्या आत छान ऊब होती. थोड्या वेळाने बघते तर गोळे टम्म फुगून एकमेकांना चिकटले होते, अगदी लादीसारखे.

ओव्हनमध्ये तवा खालच्या जाळीवर ठेवला, चारी बाजूंनी हवा खेळेल एवढी जागा सोडून. आच मंद ठेवून त्याला निवांत तापू दिलं. खिडकी उघडी ठेवली. मग गोळ्यांवर दुधाचा हात फिरवून ट्रे आत सारला. निम्मा वेळ झाल्यावर ट्रे फिरवला, मागची बाजू पुढे. शेवटी ट्रे वरच्या जाळीवर सरकवला, कारण ओव्हनच्या छताशी साठलेली धग मला वरच्या सालीसाठी हवी होती. हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या फजितीने शिकवलं होतं.

दार उघडलं आणि वास आला. कऱ्हाडच्या दुकानात पहाटे यायचा तोच वास, कॅरॅव्हॅनभर. पाव वरून तांबूस तपकिरी, चकचकीत. एक उलटा केला. बूड सोनेरी!

"झाला!" मी एवढ्या जोरात ओरडले की तंबूतली माणसं बाहेर आली.

बाबा पायरी चढून आत आले. त्यांनी लादीतून एक पाव तोडला. अंगठ्याने दाबला, सोडला. पाव पुन्हा वर आला. तोडून वास घेतला. मग तोंडात टाकला आणि चावत राहिले.

"लोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

मी लोणी दिलं. त्यांनी दुसरा पाव तोडला. तो संपवून म्हणाले, "माझ्या भट्टीत एवढं हलकं बूड कधी आलं नाही." डोळे पुसायला त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मीही तेवढ्यात हात धुवायचं निमित्त काढलं.

बाहेर पहिली लादी वाढताच संपली. मुदीरने मिसळीचा एक घास खाल्ला, पाणी प्यायला आणि मग पाव मधात बुडवून खात सुटला. त्याची म्हातारी आई गालिच्यावर बसली होती. तिने माझ्या बाबांना खुणेने विचारलं, तुम्ही केला का? बाबांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एकमेकांची भाषा कुणालाच कळत नव्हती, पण तिने मला जवळ बोलावून माझे पिठाचे हात आपल्या हातांत धरले.

"यल्ला, अजून!" मुदीर ओरडला.

मी अजून भाजले. नवरा गाडीतून ट्रे आणून देत होता, बाबा पावांना दुधाचा हात लावत होते आणि ओव्हनसमोर मी एकटी उभी होते. कुणी मला काय करायचं ते सांगत नव्हतं. नवरा एकदा ट्रे देताना कानाशी म्हणाला, "गॅसचाच बरोबर होता."

"माहितीये मला," मी म्हणाले. "पण नानकटाई तुझ्याच ओव्हनमध्ये."

निघताना मुदीरने कॅरॅव्हॅनची एक चावी माझ्या तळहातावर ठेवली. नवऱ्याने हात पुढे केला होता, पण मुदीरने त्याला बाजूला सारलं. "ही तिची," तो म्हणाला. "थंडी संपेपर्यंत कधीही या. फक्त येण्याआधी फोन करा, म्हणजे मी मध आणून ठेवीन."