न उघडलेल्या फाइलमधली हाक

आधीच सांगतो — भुताखेतांच्या गोष्टी मी फक्त मुलं जेवायला कुरकुर करायची तेव्हा सांगत असे. विश्वास शून्य. त्यामुळे खालचं वाचून हसलात तरी राग नाही...

कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला या कारखान्यांच्या भागात आमची छोटी कंपनी पंपांचे कंट्रोल बॉक्स बनवते. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग पंपाशी बोलतो, तो ड्रायव्हर ओपन सोर्स. फुकट, पण लायसन्सची अट अशी, की त्यात आपण केलेले बदल गिऱ्हाइकालाही उघडे करून द्यायचे. आमचे मॅनेजर पारकर, मूळचे रत्नागिरीचे, त्यांना ते नको होतं.

"नवीनच लिहू," ते म्हणाले. "पण लिहिणाऱ्याने जुना कोड पाहिलेला नको. नाहीतर नक्कल ठरेल."

ऑफिसात तो न पाहिलेला मी एकटाच. आळस हे क्वालिफिकेशन ठरण्याची माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ!

तीन महिने खपलो. पंप सुरू होताना अडकायचा, म्हणून त्याला क्षणभर थांबवणारं एक फंक्शन लिहिलं. नाव दिलं — भाऊ थांबा. आम्ही वडिलांना भाऊ म्हणायचो. ते विहिरीवरच्या चालू पंपात हात घालायचे आणि आम्ही पोरं बोंबलायचो, "भाऊ, थांबा!"

एका दुपारी पारकरांनी दोन्ही कोड शेजारी-शेजारी लावून तपासले आणि मला बोलावलं.

"सावंत, खरं सांगा. जुनी फाइल उघडलीत?"

"आईशप्पथ, नाही!"

"मग हे वाचा."

कित्येक वर्षांपूर्वीच्या त्या फाइलीत तेच फंक्शन. तेच नाव. भाऊ थांबा.

चोरीचा ठपका म्हणजे नोकरी गेली, इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना गेला, आणि मुलीचं बारावीचं वर्ष...

पारकरांनी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. ती फाइल मी कधीच उघडली नव्हती. त्यांनी दोन्ही फाइली बंद केल्या.

"अहो, चोरी केली असतीत तर ओरडलो तरी असतो. आता ओरडू कुणावर?"

नोकरी वाचली. पण नवा कोड रद्द — बाहेर कोण विश्वास ठेवणार? आता जुनाच ड्रायव्हर वापरतो, बदल उघडे देतो, आणि त्याची देखभाल माझ्याकडे. बायको म्हणाली, "तुम्हाला स्वतःचं काही सुचेल, असं मला वाटलंच नव्हतं."

तो ड्रायव्हर लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला मी मेल केला. कुठल्याशा बर्फाळ गावात राहतो. भारत पाहिलेला नाही. त्याचं उत्तर आलं, "ते नाव कुठून सुचलं, मलाही माहीत नाही. तुम्हाला अर्थ माहीत असेल तर कळवा."

अर्थ कळवला. पण हे घडलं कसं, ते मला कोण कळवणार?